काटा चढला म्हणून रेडिएटर उतरवू नका

१९६६ची मस्टँग, नवा टेंपरेचर सेंडर (इंजिनाचं तापमान डॅशवरच्या गेजला, म्हणजे काट्याच्या मीटरला, कळवणारा सेन्सर) बसवला आणि काटा लाल रेषेकडे. मग आधी सेंडरवरच संशय घ्या. हे नव्याने बनवलेले सेंडर आट्यांत चपखल बसतात, पण तापमानाप्रमाणे त्यांचा रेझिस्टन्स मूळ पार्टसारखा बदलेलच असं नाही. जुना फेकला नसेल तर दोन्ही पातेल्यातल्या गरम पाण्यात धरा, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि मल्टिमीटरवर दोघांचे ओहम लिहून काढा. (पातेलं घरचं नको, शिव्या खाल.) आट्यांना टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळू नका, अर्थिंग तिथूनच होतं, ते तुटलं की काटा उलट खाली पडतो.

पेट्रोलचा सेंडर टाकीत घालण्याआधीच त्याचा फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) हाताने वर-खाली करून बघा. फोर्डला रिकाम्या टाकीवर साधारण ७३ ओहम, भरलेल्यावर १०च्या आसपास हवेत. मध्येच आकडा उड्या मारत असेल तर सरळ परत करा.

तापमान आणि पेट्रोल, दोन्ही काटे एकदम चढे दाखवत असतील तर मात्र डॅशमागचा व्होल्टेज रेग्युलेटर तपासा. तो गेजना सरासरी ५ व्होल्ट देतो. गेजला थेट १२ व्होल्ट लावून बघायच्या भानगडीत पडू नका, जळेल.