'चेतावणी' नको, 'इशारा' घ्या

प्रश्न असा आलाय की पूर, वीज, दरड यांची आगाऊ खबर देणारं मोबाईल ॲप बनतंय, त्यात वॉच, अलर्ट, वॉर्निंग या तीन पायऱ्यांना मराठीत काय लिहायचं, सध्या सतर्कता, चेतावणी, गंभीर चेतावणी असं टाकलंय, चालेल का?

आधी ती चेतावणी काढा हो. हिंदीत चेतावनी म्हणजे वॉर्निंग, तिथे ते बरोबरच आहे, पण मराठीत आपण चूल चेतवतो, एखाद्याला दुसऱ्याविरुद्ध चेतवतो, म्हणजे अर्थ थेट पेटवण्याकडे जातो. इशाऱ्याचं उलट, हिंदीत ती नुसती हाताची नाहीतर डोळ्याची खूण, आपल्याकडे मात्र इशारा दिला म्हणजे बजावून सांगितलं.

आणि पायऱ्यांसाठी नवीन शब्द घडवायचे कशाला, कोल्हापुरात ते आहेतच की. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. माझी आत्या शुक्रवार पेठेत राहते, पावसाळ्यात तिचा फोन आला की पहिलं वाक्य "पाणी किती फुटावर आलंय बघ की रं मोबाईलवर", आणि इशारा ओलांडला म्हटलं की ती धान्याचे डबे माळ्यावर चढवायला घेते, धोक्याची वाट बघत बसत नाही. ॲपला हेच तर हवंय ना!

हवामान खात्याचा क्रमही बघा, पिवळा म्हणजे वॉच, नारिंगी अलर्ट, लाल वॉर्निंग, पण बातम्यांत सरसकट यलो अलर्ट, रेड अलर्ट म्हणतात त्यामुळे अलर्ट ही मधली पायरी आहे हेच लोकांना कळत नाही. मी पिवळ्याला 'लक्ष ठेवा', नारिंगीला 'इशारा, तयारीत राहा' आणि लालला 'धोका' लिहीन, आणि लालच्या खाली लगेच काय करायचं ते, मोठ्या अक्षरात.

अजून एक, 'विजेचा धोका' एवढंच लिहू नका, ती पाटी डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर असते, शेतातल्या माणसाला वाटेल कुठेतरी तार तुटलीय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप २० ते ४० किलोमीटरच्या टप्प्यातल्या विजांची खबर देतं, म्हणजे हातात मिनिटंच असतात, तिथे 'वीज पडू शकते, झाडाखाली थांबू नका' असं सरळ वाक्य पाहिजे. आणि भूस्खलन नको, डोंगराखालच्या वाडीत दरडच म्हणतात, 'दरड कोसळू शकते, घर सोडा' एवढं लिहिलं की आजीलाही पुरतं.