विणकाम सोडून हिशेबाची वही धरावी का?

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात राहते. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात शिकल्यावर मी घरीच बांबूचे लॅम्पशेड, राख्या आणि आकाशकंदील करू लागले. आता नागपूरचे दोन दुकानदार नियमित माल मागतात. गावातील चार जणी मदतीला येतात, पण त्यांचे काम मला पुन्हा उसवून नीट करावे लागते आणि रात्री उशिरापर्यंत मीच विणत बसते. एक लॅम्पशेड ४५० रुपयांना जातो. त्यात बांबू, होल्डर, वायर, वेष्टन आणि पार्सल मिळून १७० रुपये खर्च येतो. मला एका नगाला पाच तास लागतात, मदतनीस बाईला सात. यजमान म्हणतात, आता तू विणणे बंद कर आणि धंदा सांभाळ. मला मात्र विणण्यातच आनंद आहे. काय करावे?
– एक वाचक, ता. मूल

उत्तर : ताई, विणावे की धंदा सांभाळावा, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू, कारण तुम्ही दिलेल्या आकड्यांतच त्याआधीची अडचण दिसते. ४५० रुपयांतून १७० वजा केल्यावर उरणाऱ्या २८० रुपयांना तुम्ही नफा समजत असाल, तर तो नफा नसून तुमच्याच पाच तासांची मजुरी आहे, आणि तीही ताशी ५६ रुपये. तोच नग मदतनीस बाईने सात तासांत केला आणि तिला ताशी ५० रुपये दिले, तर मजुरीच ३५० रुपये होते, म्हणजे माल विकून वर खिशातले ७० रुपये घालावे लागतात. ज्या किमतीत मालकिणीचे श्रम फुकट धरलेले असतात, त्या किमतीवर दुसऱ्या कोणाला कामाला ठेवता येत नाही. म्हणून नव्या नमुन्याचा लॅम्पशेड दाखवतानाच नवा भाव सांगावा, आणि तो भाव तुमच्या वेगावर न बसवता शिकाऊ बाईच्या वेगावर बसवावा. एखादा दुकानदार तुटेल, पण जुन्या भावाने दुप्पट माल देण्यापेक्षा ते परवडेल.

आता उसवण्याविषयी. त्या बायकांना काम येत नाही, असे मला वाटत नाही. पट्टी किती पातळ सोलायची, पेराजवळचा उंचवटा किती घासायचा, वीण किती ओढायची, हे सगळे माप तुमच्या बोटांत आहे आणि ते त्यांच्या डोळ्यांसमोर कधी आलेलेच नाही. एका फळीवर योग्य जाडीची पट्टी, जाड राहिलेली पट्टी आणि कडेला कूस निघालेली पट्टी शेजारी शेजारी ठोकून ती कामाच्या जागी लावा. लोखंडी पत्र्यात हव्या त्या जाडीची खाच पाडून घेतली, तर पट्टी त्यातून सरकते की अडते, हे प्रत्येकीला तुम्हाला न विचारता कळेल. फोडणे, सोलणे आणि घासणे ही कामे आधी सोपवा व त्यांची मजुरी नगावर द्या. शेवटची जोडणी आणि पॉलिश मात्र रोजीवरच ठेवावे, कारण तिथे नगावर पैसे दिले की घाई होते आणि सफाई जाते. नवा नमुना बसवणे आणि पाठवणीपूर्वी प्रत्येक नग हातात घेऊन पाहणे, ही दोन कामे तुम्ही कोणालाही देऊ नका. विणण्यातला तुमचा आनंद नमुन्यात राहील. एकच लॅम्पशेड शंभराव्यांदा विणण्यात तो किती उरला आहे, हे तुम्हालाच ठाऊक.

याहून अवघड प्रश्न हंगामाचा आहे. राखीची मागणी येते ती रोवणीच्या दिवसांत, आणि आकाशकंदिलाची मागणी येते तेव्हा धान कापणीला आलेले असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपाने, म्हणजे तेव्हाही बायका घरी सापडणार नाहीत. पावसाळ्यात तर बांबू वाळत नाही आणि त्याला बुरशी धरते. पूर्व विदर्भात हा धंदा वाढवायचा असेल, तर नागपूरच्या बाजाराच्या वेळापत्रकाने चालून भागणार नाही. धानाची मळणी आटोपल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हात मोकळे असतात आणि थंडीत तोडलेल्या बांबूत पिठूळ अंश कमी असल्याने त्याला कीडही कमी लागते. वर्षाच्या मालाचा मोठा भाग याच काळात करून ठेवावा. तरीही बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्याची प्रक्रिया चुकवू नये, कारण ग्राहकाच्या दिवाणखान्यात दिव्याखाली किडीने पोखरलेल्या बांबूची पिवळसर भुकटी पडू लागली की त्या घरातून दुसरी मागणी येत नाही. २०१७ मध्ये वन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर वनाबाहेर वाढलेला बांबू कायद्याच्या दृष्टीने झाड राहिलेला नाही, त्यामुळे ओळखीच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावरचा (बांधावरचा) मानवेल जातीचा बांबू आधी बोलून ठेवणे सोपे झाले आहे.

असे केल्यास मजुरी जानेवारीत जाईल आणि पैसा ऑगस्टनंतर येईल. कर्जाचा उपयोग नेमका या मधल्या महिन्यांसाठी आहे. शेड बांधण्यासाठी किंवा गाडी घेण्यासाठी आताच कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत टोपल्या, चटया व झाडू करणारे कारागीर येतात. तुमचे काम त्यात बसत असेल, तर पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत पाच टक्के व्याजाने विनातारण कर्ज मिळते आणि ते १८ महिन्यांत फेडायचे असते. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला हा लाभ मिळतो. गावातील सीएससी (सामायिक सेवा) केंद्रावर नोंदणी केल्यावर पडताळणीची सुरुवात ग्रामपंचायतीपासून होते.

दुकानदारांकडे किती बाकी अडकली आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही, बहुधा असणारच. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती आधारवर होते व विनामूल्य आहे, तेव्हा तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचा माल घेणाऱ्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावेत, असे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास त्यावर व्याजही लागते. या कायद्याचा धाक दाखवून संबंध बिघडवण्याची गरज नाही. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख छापली, तरी बराच फरक पडतो. जीएसटीची धास्ती तूर्त नको, कारण राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्यांना साधारणपणे ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. परराज्यात किंवा ऑनलाइन विक्री सुरू करण्यापूर्वी मात्र सीएला विचारावे.

राहिला यजमानांचा सल्ला. धंदा कोणीतरी सांभाळायला हवा, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण ते तुम्हीच का, असे त्यांना विचारून पाहा. बांबू आणणे, पार्सल पोहोचवणे आणि वसुलीचे फोन करणे ही कामे तेही करू शकतात. उद्यम नोंदणी, बँकेचे चालू खाते आणि भाव ठरवण्याचा शेवटचा शब्द मात्र तुमच्या नावावर असू द्या.