खंजिरीच्या जोडीला गिटार : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी वऱ्हाडीत गाणी लिहिते आणि पेटी, ढोलकी, खंजिरीवर गाते. पहिले दोन अल्बम असेच झाले. नव्या अल्बमात गिटार, बेस आणि कीबोर्ड घ्यायचे आहेत. पण सरावाला बसलो की सारं बेसूर वाटतं. माझी पट्टी काळी चार. (एक वाचक भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : गळ्यावर संशय घेण्याआधी पेटी तपासा. कीबोर्डची मधली पांढरी सहा 440 हर्ट्झला (सेकंदाला 440 कंपनं) लावलेली येते, जुनी पेटी बरेचदा तिथे नसते. तीन हर्ट्झचा फरक म्हणजे सुमारे 12 सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचे शंभर सेंट धरतात). लांब सूर धरला की तो कानाला टोचतो. मोबाइलवर ट्यूनर उघडा, पेटीचा एकच सूरसंच चालू ठेवा आणि भाता एकसारखा हलवत मधल्या सप्तकातली पांढरी सहा धरा. भाता जोरात दाबला तर सूर किंचित उतरतो आणि आकडा फसवतो. ट्यूनरने 443 दाखवले, तर गिटारच्या ट्यूनरलाही 443 द्या आणि कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग 12 सेंट वर न्या. पेटीचे सूर स्वतः घासू नका, घासलेलं पितळ परत येत नाही. एखादाच सूर बाजूला गेला असेल तर तो कारागिराकडूनच जुळवून घ्या.

काळी चार म्हणजे जी शार्प. तिच्यासाठी गिटारला पहिल्या पडद्यावर केपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चाप) लावायचा आणि जी पट्टीचे कॉर्ड धरायचे. चालीत कोमल गंधार असताना सवयीने मेजर कॉर्ड (तिच्यात शुद्ध गंधार असतो) वाजली, तर गळा आणि गिटार भांडतात. शंका येईल तिथे गंधार गाळून नुसते सा-प वाजवायला सांगा. आपल्या चालींना ते शोभतंही.

खरी फसगत लयीची. भजनी वळणाच्या गाण्यात गजराला लय चढते. सगळ्या गाण्याला 90 चा एकच क्लिक (मिनिटाला 90 ठोके देणारी टिकटिक) लावला की गजर मेलाच म्हणून समजा. सरावाचं ध्वनिमुद्रण ऐकून मुखडा, अंतरा आणि गजर यांची गती वेगवेगळी मोजा (समजा 88, 92, 108) आणि क्लिक त्याप्रमाणे बदलत न्या. त्याहून बरं म्हणजे गळा आणि खंजिरी आधी एकत्र मुद्रित करा, बाकीच्यांनी त्यावर वाजवावं. नॅशव्हिलच्या अमेरिकन कंट्री गायिका केसी मसग्रेव्ह्ज यांच्या 2018 च्या ‘गोल्डन अवर’ या अल्बममध्ये डिस्कोचा ठेका आणि व्होकोडर (गळ्याला यंत्राचा आवाज देणारं साधन) आला, तरी बँजो आणि पेडल स्टील ही कंट्रीची जुनी तारवाद्यं गेली नाहीत. या अल्बमला 2019 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. तुमची खंजिरी तशीच ठेवा.

एक वजाबाकी मात्र करावी लागेल. ढोलकीची धूम आणि बेस गिटार एकाच खालच्या जागेत येतात, मग दोन्ही गढूळ होतात. ढोलकी भरभरून वाजते तिथे बेसने लांब सूर धरून थांबावं. खंजिरीच्या झांजा असताना शेकर नकोच. झांजांवर झांजा चढल्या की ‘स’, ‘श’ ऐकू येत नाहीत.

प्रश्न : स्टुडिओ परवडत नाही. घरी गळा मुद्रित करता येईल का? (ता. वरूड, जि. अमरावती)

उत्तर : येईल. टिनाखालची खोली टाळा. वेचणीनंतर कापूस भरलेली खोली असेल तर उत्तम, कापूस आवाजाचा घुमारा पितो. मात्र तिथे दिवा, हीटर, उघडी वायर अजिबात नको. कापूस विकला असेल तर तीन बाजूंनी गाद्या-गोधड्या टांगा. माइक तोंडापासून एक वीत, थोडा तिरपा. खंजिरीचा माइक हातभर दूर, कातड्याकडे; झांजांच्या समोर नको. मुद्रणाच्या ॲपमध्ये 24 बिट ठेवा, सर्वात मोठा सूर उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. कूलर आणि पंखा बंद. घरघर येत असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा, बहुतेकदा तेवढ्याने जाते. पावसाळ्यात खंजिरीचं कातडं सैल पडतं. निखाऱ्यांवर हातभर उंच फिरवत शेका, एका जागी धरलं तर फाटतं.

प्रश्न : अल्बममध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं एक भजन नव्या वाद्यमेळात घेतलं तर चालेल? (जि. चंद्रपूर)

उत्तर : परवानगीनेच. महाराजांचं निर्वाण 1968 चं. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क (कॉपीराइट) राहतो, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवर तो 2028 च्या अखेरपर्यंत आहे. हक्कधारकाची लेखी संमती घ्या. परंपरेने आलेल्या, कर्त्याचं नाव नसलेल्या जात्यावरच्या ओव्यांना हा अडसर नाही.