पुण्यात बंगल्याच्या आवारातला पालापाचोळा जाळायचा आहे. जागा स्वतःची आहे. परवानगी कुठून घ्यावी?

कुठूनच मिळणार नाही, कारण अशी परवानगीच नाही. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात किंवा अग्निशमन दलाकडे अर्ज घेऊन हेलपाटे घालू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशात उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली आणि साध्या जाळण्याला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. जागा स्वतःची असली तरी धूर कुंपणाशी थांबत नाही. शेजारी दम्याचा पेशंट असेल तर त्याची सकाळ कशी जाते, ते एकदा विचारून बघा.

झाडाच्या बुंध्याशी ढीग लावून पेटवत असाल तर ते आजच थांबवा. साल तडकते, आतला जिवंत थर भाजतो आणि झाड त्या बाजूने वाळायला लागतं. राज्याच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात झाड 'तोडणे' या व्याख्येत जाळणंही येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मुळशी-वेल्ह्याकडे, जंगलाला लागून प्लॉट असेल तर अजूनच जपा. उन्हाळ्यात तिथे गवत कडकडीत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते आणि वणवा वनहद्दीत गेला की भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा दाखल होतो.

आता पाल्याचं काय करायचं? मी कोंबडीच्या जाळीचा कमरेएवढा गोल पिंजरा करून त्यात भरतो. वीतभर पाला, त्यावर पातळ शेणकाला किंवा आंबट ताक, पुन्हा पाला, आणि प्रत्येक थर पायाने दाबायचा. ओल इतकीच हवी की मूठ दाबली तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. बहुतेकांचा ढीग कुजत नाही तो कोरडा राहतो म्हणूनच. वर्षावृक्षाची (रेन ट्रीची) बारीक पानं लवकर कुजतात. आंबा-फणसाची चिवट असतात, ती आधी काठीने झोडून चुरा. चार-सहा महिन्यांत खाली काळं, भुसभुशीत खत मिळतं. जागाच नसेल तर पोती भरून ठेवा, गच्चीवर बाग करणारे लोक पुण्यात वाळलेली पानं मागून नेतात.

जाड फांद्या पिंजऱ्यात टाकू नका. त्या वेगळ्या बांधून ठेवा आणि उचलून न्यायला क्षेत्रीय कार्यालयाला कळवा.