'मेस्त्रे'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी घडवलेली कापोएरा ही युद्धकला शिकवणाऱ्याला तिकडे 'मेस्त्रे' म्हणतात. मराठीत प्रशिक्षक लिहावे की गुरू?

मी 'वस्ताद' लिहीन.

'प्रशिक्षक' हा नेमणुकीचा शब्द. मेस्त्रेची नेमणूक होत नाही. त्याच्या मेस्त्रेने आणि जाणत्या खेळाडूंनी त्याला मानावे लागते. मेस्त्रे बिंबा यांनी १९३२ साली ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात कापोएराची शाळा काढली, तेव्हा कापोएराला गुन्हा ठरवणारा १८९० चा कायदा अजून रद्द झाला नव्हता. अशा काळात दाखला देणार कोण? 'गुरू' चुकीचा नाही, पण त्याला तालमीच्या मातीचा वास नाही.

'वस्ताद' म्हणजे फारसी 'उस्ताद'च. गाण्यात तो उस्ताद राहिला, आखाड्यात वस्ताद झाला. मेस्त्रेला हे दोन्ही असावे लागते. रिंगणात बेरिंबाव हे एकतारी वाद्य बहुधा तोच धरतो, गाणे उचलतो, आणि त्याच्या लयीवर जोडी संथ खेळायची की चपळ हे ठरते. शिवाय 'मोठा वस्ताद माणूस आहे' यातली हुशारी, हूल देण्याची कला, हीसुद्धा इथे हवीच. तिला कापोएरात 'मलिसिया' म्हणतात आणि ती गुण मानतात. मेस्त्रे पास्तिन्या सांगत, की लहानपणी एका थोराड मुलाकडून ते रोज मार खात. ते पाहून बेनेदितो नावाच्या आफ्रिकी म्हाताऱ्याने त्यांना कापोएरा शिकवली. ताकद कमी असलेल्याला मलिसियाच तारते.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. 'मेस्त्रे' आपल्याकडे केव्हाच आलेला आहे! पोर्तुगिजांबरोबर आलेला हा शब्द म्हणजेच आपला मेस्त्री, मिस्त्री. ब्राझीलमध्ये शेवटच्या 'ए'चा उच्चार 'इ'कडे झुकतो, त्यामुळे तिथला मेस्त्रे कानाला जवळजवळ 'मेस्त्री'च लागतो. बांधकामावरच्या मुकादमालाही पोर्तुगीजमध्ये 'मेस्त्रे द ओब्रास' म्हणतात. आपला 'मास्तर'ही त्याच लॅटिन मुळाचा, फक्त तो इंग्रजीच्या वाटेने आला.

तरी मेस्त्री म्हटले की मराठी वाचकाला सुतार-गवंडी दिसणार, म्हणून वर्णनात वस्ताद लिहावे. नावाआधीची पदवी मात्र तशीच ठेवावी : मेस्त्रे बिंबा, मेस्त्रे पास्तिन्या. आपल्याकडे लहुजी वस्ताद म्हणताना ती नावामागून येते, एवढाच फरक.

आणि क्रियापद 'खेळणे' घ्यावे. पोर्तुगीजमध्येही 'जोगार', म्हणजे खेळणेच, म्हणतात. आपण दांडपट्टा खेळतो, तसे ते कापोएरा खेळतात.