रॅलीच्या आधी तळं कशासाठी बांधलंय ते बघा

ताई, 'तळ्यात रात्री मुरूम टाकतायत, २ फेब्रुवारीला पाणथळ दिनाची रॅली काढून सह्यांचं निवेदन देतोय' हे तुमचं वाचलं आणि आमचेच दिवस आठवले. सोलापूरजवळचं जुनं तळं, हाच मुरूम, हीच रॅली.

रॅलीचं तुम्ही बघालच. मला बोलायचंय ते निवेदनाबद्दल. आम्ही वर्षभर घरोघरी 'पाणथळ वाचवा' शिकवलं. म्हाताऱ्यासुद्धा 'रामसर' (पाणथळ जागा जपण्याच्या जागतिक कराराचं नाव) म्हणायला लागल्या, आम्ही खूश! मग चारशेवर सह्या, विषयात ठळक अक्षरांत 'पाणथळ'. तेरा महिने तो कागद एका कार्यालयात फिरला. 'साहेब मीटिंगला गेलेत', 'आवक क्रमांक सांगा'. शेवटी दोन ओळी आल्या: तलाव सिंचनासाठी बांधलेला असल्याने पाणथळ नियमांत बसत नाही. आणि ते खरंच होतं. २०१७ च्या नियमांत व्याख्येतच सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव वगळलेत. आपल्या दुष्काळी भागात असे कितीतरी. सोलापूरजवळचा हिप्परग्याचा एकरुख तलावही बांधलेलाच. पण हे पहिल्या दिवशी सांगायला काय जात होतं? तेवढ्यात तळ्याच्या एका कोपऱ्यात पोरं क्रिकेट खेळायला लागली. असो.

म्हणून आधी तलाठ्याकडून सातबारा काढा, तळं कुणाच्या नावावर आणि कशासाठी, ते बघा. सिंचनाचं निघालं तर १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे कायदा धरून अर्ज करा. मी वकील नाही, कलमं विचारून घ्या. नैसर्गिक निघालं तर खुशाल 'पाणथळ' लिहा.

बाकी पोस्टरवर 'जैवविविधता' लिहून काही होत नाही, हे माझं मत. पटलं नाही तर सोडून द्या. आम्ही पुढच्या संक्रांतीचं हळदीकुंकू तळ्याच्या बांधावरच ठेवलं. उसन्या दुर्बिणीतून बायकांना हळदीकुंकू बदक दाखवलं: काळी चोच, टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे ठिपके. 'अगं बाई, खरंच की!' म्हणत रांग लागली. (सकाळीच जा, ऊन पाठीवर घेऊन, नाहीतर नुसतं काळं दिसतं.)

त्या रांगेत रोज तिथं धुणं धुणाऱ्या एक मावशी होत्या. दोन महिन्यांनी त्यांनी साबणाच्या वेष्टनावर मुलाकडून लिहून घेतलेला मुरूम टाकणाऱ्या टिपरचा नंबर आणून दिला. तो घालून केलेल्या अर्जावर नवव्या दिवशी पंचनामा झाला.