मन अजून गडावरच आहे आणि इकडे गाईला दगडी झाली

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही बार्शी तालुक्यातले, साडेचार एकर रान, तूर ज्वारी आणि थोडा कांदा, दोन एचएफ (होल्स्टीन) गाई. लग्नाला अकरा वर्षं झाली पण देवदेव सोडून कुठं गेलो नव्हतो. यंदा मे महिन्यात कांदा चाळीत भरून झाला, रान नांगरून तापत पडलेलं, म्हणून मालकांनी भावाची बोलेरो घेतली आणि चार दिवस पोरांना घेऊन निघालो. पन्हाळा, सातारजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर, प्रतापगड आणि शेवटी रायगड. सासूबाई घरी होत्या, धारा काढायला शेजारच्या पोराला सांगितलं होतं. परत आलो तर एका गाईचा सड सुजलेला, दुधात गुठळ्या, डॉक्टर म्हणाले दगडी, म्हणजे कासेचा आजार. सासूबाई रोज म्हणतात, फिरायला गेलात आणि गाय घालवलीत. मोठा मुलगा शाळेत आहे, तो आल्यापासून पडक्या मोटेच्या विहिरीपाशीच असतो, अभ्यास नाही की कामात हात नाही. आणि खरं सांगू का, माझंही मन लागत नाही. साडेचारला उठते, धारेला बसते आणि डोळ्यासमोर हिरकणीचा बुरूज येतो. तिथं मला रडूच आलं होतं, मालकांना वाटलं उन्हानं चक्कर आली. आमचं जाणं चुकलं का?

उत्तर : ताई, नाही चुकलं. हे पहिल्यांदा सांगते म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

आधी गाईचं बघू, कारण ती दुखण्यात आहे. डॉक्टरांनी जितक्या दिवसांचं औषध सांगितलंय तितकं पूर्ण करा, दोन दिवसांत सूज उतरली म्हणून मध्येच सोडू नका, अर्धवट उपचार झाला की तोच सड परत परत धरतो. तिची धार सगळ्यात शेवटी काढा, हात धुवा, आणि औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नका, घरातही वापरू नका. आता हे झालं कसं. हात बदलला की गाय पान्हा चोरते हे तुम्हाला मी काय सांगणार, अकरा वर्षं तिच्याजवळ बसताय. त्या पोरानं काढायचं तेवढं काढलं असेल पण मागं राहिलेलं दूध कासेत साठलं, त्यात मेचं ऊन. आणि आत आधीपासून थोडी सुरुवात असली तर ती वरून दिसत नाही, त्यामुळं चार दिवसांवर सगळं ढकलणं बरोबर नाही, त्या पोरावर तर नाहीच नाही. पुढच्या वेळी जाण्याआधी चार-पाच दिवस त्याला तुमच्यासोबत धारेला बसवा, तुम्ही बाजूला उभ्या राहा, गाईला त्याचा हात ओळखीचा होऊ द्या. धार झाली की सडं औषधाच्या पाण्यात बुडवायची आणि लगेच वैरण टाकायची म्हणजे गाय अर्धा तास उभी राहते, कारण तेवढा वेळ सडाचं तोंड उघडं असतं आणि ती शेणात बसली की संपलं. जमलं तर गाई आटवलेल्या असतील तेव्हाच लांबचा बेत करा.

आता तुमचं. हिरकणीपाशी तुम्हाला रडू आलं, मला ते वाचून अजिबात नवल वाटलं नाही. गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली, दूध घालायला गडावर गेलेली बाई, सांजेला दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल, आणि ती त्या कड्यावरून अंधारात उतरली. शाळेत ऐकताना आपण महाराजांनी तिथं बुरूज बांधला एवढंच लक्षात ठेवतो. पण ज्या बाईनं स्वतः अकरा वर्षं दोन्ही वेळच्या धारेला बांधून घेतलंय ती त्या कड्याच्या टोकाला उभी राहून खाली बघते तेव्हा तिला ती गोष्ट वेगळीच कळते. मी पण दहा वर्षं डेअरीला दूध घातलंय, लग्नकार्यात अक्षता पडल्या की जेवायला न थांबता धारेला पळालेय, म्हणून म्हणते, ते रडू उन्हाचं नव्हतं आणि दुबळेपणाचंही नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा चार सकाळी तुम्ही उजाडल्यावर उठलात, शरीराला कळलं की असंही असतं, मग परत साडेचारला उठताना ते कुरकुरणारच की.

ही गोष्ट मालकांना सांगा. चक्कर नव्हती, हे सांगा. आणि नुसतं सांगून थांबू नका, काहीतरी मागा. आपल्याकडं सावड असते ना, खुरपणीला आज तू माझ्याकडं उद्या मी तुझ्याकडं, तशी धारेची सावड का नाही करत कुणी? शेजारच्या एखाद्या बाईशी ठरवा, महिन्यातले दोन दिवस तिनं तुमच्या गाई बघायच्या, दोन दिवस तुम्ही तिच्या. आम्ही आमच्या वस्तीवर तिघींनी असं सुरू केलं होतं, पहिल्या महिन्यात घरोघरी बोलणी बसली, नंतर सवय झाली. हात ओळखीचा राहतो, त्यामुळं पुढच्या वेळी चार दिवस गेलात तरी दगडीची भीती कमी.

मुलाबद्दल तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय पण मला तर पत्रातला तोच भाग सगळ्यात आवडला. त्यानं लिंबला काय पाहिलं बघा. विरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली विहीर, अष्टकोनी, वरून बघितली तर शिवलिंगाचा आकार, आत चक्क छोटा महाल, आणि एका वेळी बारा मोटा चालायच्या. कशासाठी, तर आमराईला पाणी द्यायला, ३३०० झाडं होती असं सांगतात. म्हणजे किल्ल्यांवर तो लढाया ऐकून आला आणि तिथं त्याला शेती दिसली. पन्हाळ्याला अंबरखाना पाहिला असेलच, गंगा यमुना सरस्वती अशी कोठारांची नावं, छताला भोकं ठेवलेली, धान्य वरून ओतायचं. जुन्या वाड्यातलं धान्य साठवायचं बळद पाहिलेल्या माणसाला तिथं समजावून सांगावं लागत नाही. १६६० साली सिद्दी जौहरनं गडाला वेढा घातला, महाराज चार महिने आत अडकले होते, इतक्या माणसांना रोज खायला घालायचं म्हणजे आधी कुणीतरी पिकवून, वाहून, कोरडं ठेवलेलं असणार ना. हे पोरांना सांगायला आपल्याइतकं चांगलं कुणी नाही, आपण दरवर्षी ज्वारीला कीड लागू नये म्हणून झगडतोच.

तर तुमच्या रानातली ती पडकी विहीर. तिच्या काठावर दगडी थारोळं आहे का ते बघा, मोटेचं पाणी जिथं ओतलं जायचं ते. बऱ्याच ठिकाणी तो दगड उचलून धुणं धुवायला नेऊन ठेवलेला असतो. आमच्याकडंही तसाच होता, सासूबाई वीस वर्षं त्यावर कपडे आपटत होत्या आणि एक दिवस सहज म्हणाल्या की यावर बैलांच्या चार पिढ्यांचं पाणी पडलंय. त्यावरची घासलेली खळगी हाताला लागते, गुळगुळीत, एखाद्या उखळासारखी. मुलाला वही द्या, दोरीला गाठी मारून खोली मोजू दे, बैल ज्या उतारावरून पुढं-मागं व्हायचे ती धाव कुठून कुठपर्यंत होती ते पावलांनी मोजू दे. आणि विचारायचं कुणाला, तर आजीला. तुमच्या सासूबाईंचं वय सत्तरच्या आसपास असेल तर लहानपणी त्यांनी मोट नक्की पाहिलीय, कदाचित हाकलीही असेल. नाडा म्हणजे काय, सोंदूर म्हणजे काय, मोटेवर गाणी कोणती म्हणायचे, हे नातवानं विचारलं तर त्यांचं गाईवरचं बोलणं आपोआप कमी होईल असं मला वाटतं. त्यांना तुम्ही मागं ठेवून गेलात, हेही त्या रागात थोडं असणार. एकच गोष्ट मात्र कडक सांगा, विहिरीत उतरायचं नाही. जुन्या बंद विहिरीत तळाला खराब वायू साठतो, माणूस खाली जाऊन ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो तोही जातो. सगळं काठावरूनच.

त्याला हेही सांगा की जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि त्यातले रायगड, प्रतापगड, पन्हाळा हे तीन त्याचे बघून झाले. उरलेल्यातले आठ आपल्याच राज्यात आहेत, एक जिंजी तामिळनाडूत. वर्षाला एक धरला तरी पोराचं कॉलेज होईपर्यंत पुरेल. आणि दरवेळी बोलेरो, मुक्काम, हॉटेल कशाला पाहिजे, बार्शीहून परंड्याचा किल्ला किती लांब आहे? सकाळची धार काढून निघायचं, भाकरी बांधून न्यायची, संध्याकाळच्या धारेला घरी. विजापूरची ती मोठी मुलूखमैदान तोफ आधी या परंड्यालाच होती. नळदुर्ग पावसाळ्यात करा, बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, वरून पाणी पडताना आत उभं राहता येतं. सासूबाईंना त्या दोन्ही ठिकाणी न्या.

प्रश्न : मी जळगाव जिल्ह्यातला केळी बागायतदार. मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत अजिंठा, वेरूळ दाखवायचंय पण मे महिन्यात बाग एक दिवसही पाण्याशिवाय ठेवता येत नाही. काय करावं?

उत्तर : दादा, दोन्ही एकदम करू नका. अजिंठा तुम्हाला जवळ आहे, एका दिवसात होतो. ठिबक पहाटेच सोडा, मोबाईलवरचा स्टार्टर असेल तरी भावकीतलं एक माणूस बागेत राहू द्या, कारण लाईट गेली की मोबाईल काही करत नाही. सोमवार सोडून जा, अजिंठा सोमवारी बंद असतो (वेरूळ मंगळवारी, ते दिवाळीनंतर थंडीत करा). फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावून पुढं बसनं जावं लागतं, सकाळच्या पहिल्या गाड्यांत बसलात तर डोंगर तापायच्या आत निम्मी लेणी होतात. एक नंबरच्या लेण्यात गर्दी पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढं असते, तो बघाच, पण पोरांना छतही दाखवा, फळं, फुलं, जनावरं सगळं रंगवलंय, आणि झुंजणारे दोन बैल शोधायला लावा. गाईड असेल तर त्याला गिलाव्याचं विचारा. या चित्रांच्या खाली मातीचा लेप आहे, त्यात भाताचा तूस, गवत, झाडापाल्याचे धागे मिसळलेले आहेत, म्हणजे आपल्या आया भिंत लिंपायला मातीत भुस्सा मळायच्या त्याच जातीचं काम, आणि ते दीड हजार वर्षं टिकलंय. तुमच्या आई सोबत असतील तर हे त्यांनाच सांगू द्या पोरांना. पाणी मात्र घरून भरपूर घ्या आणि दुपारी तीनच्या आत तिथून निघा, म्हणजे संध्याकाळी बागेत एक चक्कर मारता येईल.